४२६ म्हणजे काय? हाँगकाँगचे गँगवाले पिक्चर बघायला बसण्याआधी

मागच्या शनिवारी आम्ही चौघं 'इलेक्शन' बघायला बसलो होतो. हाँगकाँगचा, जॉनी तो या दिग्दर्शकाचा २००५ चा पिक्चर, आणि विषय खरंच निवडणूक आहे, फक्त टोळीच्या अध्यक्षाची. मित्रांची अपेक्षा अशी की गँगवाला पिक्चर म्हणजे पहिल्या मिनिटापासून धुलाई, आणि इथे म्हातारे टेबलाभोवती बसून चहा पितायत, कुणाला मत द्यायचं यावर काथ्याकूट चाललाय. "अरे हे मारणार कधी एकमेकांना?" असं म्हणून एकाने मोबाईल काढला. मग मी दर पाच मिनिटांनी पॉज करून समजवायला लागलो आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या मलाच. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि गप्प बसीन.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पिक्चर मारामारीचे नाहीतच. ते नात्यांचे आणि हिशोबाचे पिक्चर आहेत, मारामारी त्या हिशोबाची वसुली असते. हे डोक्यात बसलं की चहाचे सीन कंटाळवाणे वाटत नाहीत.

आधी नावं. हाँगकाँगच्या या गुन्हेगारी टोळ्यांना आपण 'ट्रायड' म्हणतो, तो शब्द इंग्रजांनी दिलेला, या मंडळींच्या त्रिकोणी चिन्हावरून, आकाश-धरती-माणूस असे त्याचे तीन कोपरे. हाँगकाँगचा माणूस कँटोनीज बोलतो आणि तो म्हणतो 'हाक-से-वुई', म्हणजे काळा समाज. 'इलेक्शन'चं मूळ चिनी नाव हेच आहे. आणि गल्लीत फिरणारा, अंगावर टॅटू, तोंडात सिगरेट, असा जो पोरगा असतो त्याला 'गू-वाक-जाय' म्हणतात, शब्दशः डांबरट पोरगा. आपला टपोरी म्हणा.

आता मजा बघा. आपल्याकडे 'दादा' म्हणजे थोरला भाऊ पण आणि गल्लीतला गुंड पण. 'भाई'चं तेच. कँटोनीजमध्ये डिट्टो हेच आहे. ज्याच्या हाताखाली पोरगा टोळीत येतो तो त्याचा 'दाय-लो', मोठा भाऊ. पोरगा त्याचा 'सै-लो', धाकटा भाऊ. दाय-लोची बायको किंवा मैत्रीण 'आ-सो', म्हणजे चक्क वहिनी. रिटायर झालेले पण अजून शब्द चालतो असे म्हातारे 'सुक-फू', काका लोक. आणि अख्ख्या टोळीला, तिच्या तिजोरीला, बोलताना 'आ-कुंग' म्हणतात, म्हणजे आजोबा. "आजोबांचा वाटा वेगळा काढ" असं कोणी म्हणालं तर ते घरातल्या आजोबांबद्दल बोलत नसतात.

हे कळलं नाही तर अर्धा पिक्चर डोक्यावरून जातो. 'यंग अँड डेंजरस' घ्या, १९९६ चा, अँड्र्यू लाऊचा. त्यात एकिन चेंगने केलेला हिरो चान हो-नाम याला दारूतून काहीतरी पाजून त्याच्याच जिवलग दोस्ताच्या मैत्रिणीबरोबर अडकवतात. आपल्याला वाटतं ठीक आहे, वाईट झालं, पण एवढा गहजब कशाला, टोळीची सभा काय बोलावतात, शिक्षा काय करतात. कारण तिथे दोस्त हा दोस्त नसतो, शपथ घेऊन झालेला भाऊ असतो, आणि भावाच्या बाईकडे बघणं हा टोळीच्या कायद्यातला सगळ्यात घाण गुन्हा. खून एक वेळ चालेल, वहिनी नाही चालणार! व्हिलनला, म्हणजे फ्रान्सिस इंगच्या अग्ली क्वानला, हे बरोबर माहीत असतं. तो हिरोला मारत नाही, नात्यातून उठवतो. मला हा अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात हुशार डाव वाटतो.

आता आकड्यांवर येऊ, कारण "तो ४२६ आहे" असं सबटायटलमध्ये आलं की सगळ्यांना हॉटेलची रूम वाटते.

टोळीत प्रत्येक हुद्द्याला एक नंबर आहे आणि तो ४ पासून सुरू होतो, चार समुद्रांच्या आतलं सगळं जग म्हणून ४. सगळ्यात खालचा शपथ घेतलेला सभासद ४९. का, तर ४ गुणिले ९ बरोबर ३६, आणि शपथा ३६ असतात. मारामारी सांभाळणारा, पोरं घेऊन रस्त्यावर उतरणारा तो ४२६, त्याला 'लाल दांडा' म्हणतात. इथे ४ गुणिले २६ करायचे, १०४ येतात, वर परत ४ मिळवायचे, झाले १०८, आणि १०८ हे जुन्या चिनी कादंबरीतल्या दलदलीत राहणाऱ्या बंडखोर वीरांची संख्या. ४१५ म्हणजे 'पांढरा कागदी पंखा', हा टोळीचा हिशोबनीस आणि सल्लागार, चष्मा लावून कोपऱ्यात बसलेला दिसला की समजून जा. त्याच पद्धतीने गणित केलं की ६४ येतात, 'यी चिंग' या भविष्य बघायच्या पोथीतल्या आकृत्या तेवढ्याच. ४३२ म्हणजे 'गवती चप्पल', हा निरोप्या, दुसऱ्या टोळीशी बोलणी करणारा. आणि सगळ्यात वर ४८९, ड्रॅगनचं डोकं. आकडे नुसते बेरीज केले की २१, आणि टोळीचं जुनं घराणं 'हुंग', त्या अक्षराचे तुकडे पाडले की ३, ८ आणि २१ निघतात असं ते मांडतात.

एक आकडा ४ ने सुरू होत नाही. २५. 'यी-इंग-जाय', म्हणजे गद्दार, पोलिसांचा माणूस. कुठल्याही पिक्चरमध्ये कोणी कोणाला २५ म्हणालं की पुढच्या दोन सीनमध्ये रक्त सांडणार.

आणि ज्यानं अजून विधी केला नाही, नुसता कोणाच्या मागे फिरतो, त्याने 'निळा कंदील टांगलाय' असं म्हणतात. आजकाल बहुतेक पोरं इथेच अडकलेली असतात. जुना विधी मोठा होता, तासन्‌तास चालायचा, तलवारींच्या कमानीखालून जायचं, कोंबड्याचं डोकं उडवायचं, बोट टोचून रक्त दारूत मिसळायचं, पिवळ्या कागदावर नावं लिहून जाळायची, शपथ मोडली तर पाच विजा अंगावर पडून मरेन असं म्हणायचं. आता पोलीस कधी येतील सांगता येत नाही म्हणून सगळं शॉर्टमध्ये. पोरगा दाय-लोला लाल पाकीट देतो, आत ३६ डॉलर आणि वर ६० सेंट, झाला भरती. ३६ पुन्हा शपथांचे. म्हणजे विधीची फक्त पावती उरली म्हणा ना, ती पण सत्यनारायणाच्या दक्षिणेसारखी ठरलेल्या आकड्यात.

हे सगळं आलं कुठून? टोळीवाले स्वतः सांगतात ती गोष्ट भारी आहे, शाओलिन मठ जाळला, पाच भिक्खू वाचले, त्यांनी तेव्हाची मांचू राजवट उलथून आधीचं मिंग घराणं परत आणायची शपथ घेतली, वगैरे. इतिहासकार म्हणतात एवढं काही नाही. १७६० च्या दशकात फुजियान प्रांतात घरदार सोडून पोटासाठी भटकणाऱ्या लोकांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी मंडळ काढलं, मयताचा खर्च, परगावी अडचण, कुणी मारायला आलं तर मदत. भिशी प्लस लाठी असं काहीतरी. बंडाची गोष्ट नंतर चिकटली, आणि राजवटीने दाबायला सुरुवात केल्यावर गोष्टीला धारही चढली.

इंग्रजांनी अफूच्या युद्धात हाँगकाँग घेतलं, १८४२ च्या तहाने ते कायमचं झालं, आणि १८४५ मध्येच ट्रायडविरोधी कायदा पण आला, म्हणजे बघा किती घाई. (जाता जाता, त्या अफूचा मोठा भाग माळव्यातून मुंबई बंदरात येऊन तिकडे जायचा. ज्यांच्या नावाने आपलं जे. जे. हॉस्पिटल आहे त्या सर जमशेटजींची दौलत याच चीनच्या व्यापारातली, कापूस होता तशी अफूही होती. तेव्हा फार लांबची गोष्ट आहे असं समजू नका.)

पण पिक्चरमधली गँग खरी तयार झाली ती १९४९ नंतर. चीनमध्ये कम्युनिस्ट आले, तिकडून लाखो माणसं हाँगकाँगमध्ये घुसली, डोंगरांवर झोपड्या, १९५३ च्या ख्रिसमसला शेक किप मेईची झोपडपट्टी जळाली तर एका रात्रीत पन्नास हजारांवर लोक रस्त्यावर. मग सरकारने ठोकळ्यासारख्या वसाहती बांधल्या. एका खोलीत अख्खं कुटुंब, आईबाप कारखान्यात, पोरं जिन्यात. आता जिन्यात बसलेल्या पोराला मोठा भाऊ कोण म्हणून मिळणार? 'यंग अँड डेंजरस'ची सुरुवात अशाच वसाहतीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांपासून होते, ते उगीच नाही.

१९५६ च्या ऑक्टोबरमध्ये मोठी दंगल झाली, पन्नासच्या वर माणसं मेली, त्यात टोळ्यांचा हात दिसला, विशेषतः चीनमध्ये कम्युनिस्टांकडून हरलेल्या तिथल्या राष्ट्रवादी पक्षाच्या पळून आलेल्या लोकांतून वाढलेल्या '१४ के' या टोळीचा. पोलिसांनी ट्रायडसाठी वेगळा विभाग काढला, पण खरी गोची अशी की पोलीसच हप्त्यावर होते. वरपासून खालपर्यंत रेट ठरलेले. १९७३ मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा गोरा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना विमानात बसून इंग्लंडला पळाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि १९७४ मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध आय.सी.ए.सी. हे स्वतंत्र खातं निघालं. गॉडबरला परत आणून जेलमध्ये घातला. सत्तरच्या दशकातल्या पोलिसांवर जे पिक्चर आहेत त्यातला हवालदार करोडपती का असतो, याचं उत्तर इथे आहे.

मग पैसा येतो कुठून? हप्ता तर आहेच, फेरीवाले, मिनीबसचे स्टॉप, बार, मसाज पार्लर, जुगार, ड्रग्ज. पण मला सगळ्यात पटकन समजलेलं उदाहरण वेगळं आहे. सरकारी वसाहतीची नवीन बिल्डिंग तयार होते, लोकांना चाव्या मिळतात, खोली आतून कोरी, म्हणजे टाईल्स, रंग, जाळी सगळं स्वतः करायचं. खाली लॉबीत चार पोरं उभी. "काका, फ्लॅटचं काम आमच्याकडूनच करा." रेट बाजारापेक्षा जास्त. तुम्ही बाहेरचा मिस्त्री आणला तर दुसऱ्या दिवशी कुलपात गोंद. नवी मुंबई किंवा पुण्याच्या आसपास घर बांधलेल्या माणसाला "रेती-खडी आमच्याकडूनच" हे वाक्य नवीन नाही, त्यामुळे जास्त समजावत नाही.

दोन टोळ्यांचे रस्ते एकमेकांत घुसले की आधी मारामारी होत नाही, आधी 'गोंग-सो' होते. शब्दशः अर्थ 'आकडे बोलणं'. मुंबईच्या भाषेत मांडवली. हॉटेलात दोन्हीकडचे दाय-लो बसतात, बाहेर दोन्हीकडची पोरं उभी, किती पोरं आणलीत हाच अर्धा मुद्दा असतो. म्हणून पिक्चरमध्ये दोनशे जण रस्त्यावर समोरासमोर उभे राहतात आणि मग एक फोन येतो आणि सगळे घरी जातात. आमचा एक मित्र याला "पैसे वाया" म्हणाला. अरे, तोच तर सीन आहे, फोन कुणाचा आला ते बघ!

आणि बंदुका का नाहीत? कारण हाँगकाँगमध्ये बंदुकीचा कायदा फार कडक आहे, बंदूक निघाली की पोलीस हात धुवून मागे लागतात आणि सगळ्यांचा धंदा बसतो. म्हणून कलिंगड कापायचा लांब सुरा. पातळ, स्वस्त, वर्तमानपत्रात गुंडाळला की झालं. 'इलेक्शन'मध्ये एकदाही गोळी चालत नाही, आणि तरी जॉन वू या दिग्दर्शकाच्या, हिरोच्या दोन्ही हातांत पिस्तुलं असलेल्या पिक्चरपेक्षा जास्त भीती वाटते. त्यात निक चेंगने केलेला जेट आहे, त्याला डिवचलं म्हणून तो चिनी मातीचा चमचा फोडून, तुकडे तोंडात टाकून चावून खातो. सगळे बघत बसतात. तेवढ्यात आमच्या मोबाईलवाल्याने मोबाईल खाली ठेवला.

पिक्चर आणि खरं यात एक मोठा फरक मात्र सांगायला हवा. पिक्चरमध्ये वर एक साहेब बसतो आणि खाली हजारो लोक त्याच्या इशाऱ्यावर चालतात. अभ्यास करणारे म्हणतात तसं नसतं. टोळीचं नाव हे बोर्डासारखं असतं, वडापावच्या फ्रँचायझीसारखं म्हणा, प्रत्येक एरियाचा दाय-लो आपला गल्ला आपण चालवतो, संकटात नाव वापरतो, बाकी वरच्याचं फारसं ऐकत नाही. ४८९ हुद्दा तर आता बराचसा नावापुरता. 'इलेक्शन'मध्ये अध्यक्षपदाची खूण असलेला लाकडी ड्रॅगन-दंडुका मिळवायला सगळे चीनपर्यंत धावतात, ते बघताना हे लक्षात ठेवा, कारण जॉनी तो नेमकं हेच दाखवतोय, काठीत काही नाही, पण काठी ज्याच्या हातात त्याला नाही म्हणायची कोणाची टाप नाही.

कायद्याची गंमत वेगळीच. हाँगकाँगमध्ये ट्रायडचं सभासद असणं गुन्हा आहेच, पण "मी अमुक टोळीचा आहे" असं नुसतं म्हणणं पण गुन्हा आहे. दुकानदाराला घाबरवायला खोटं सांगितलं तरी आत. कोर्टात पोलिसांचे तज्ज्ञ येऊन साक्ष देतात, की हा हाताचा इशारा म्हणजे हे, हा आकडा म्हणजे ते. त्यामुळे पिक्चरमध्ये खरे इशारे, खरे विधी दाखवले की सेन्सॉर लगेच 'कॅटेगरी थ्री' देतं, म्हणजे १८ वर्षांवरच्यांसाठी. अशी वर्गवारी १९८८ पासून आहे.

आणि हे पिक्चर बनवणारी इंडस्ट्री टोळ्यांपासून लांब होती का, तर अजिबात नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात पिक्चर धो धो चालायचे, एवढा रोकडा दिसल्यावर टोळ्या येणारच. स्टारला धमकावून तारखा घ्यायच्या, शूटिंगच्या गल्लीत हप्ता मागायचा, एका पिक्चरच्या निगेटिव्ह बंदूक दाखवून पळवल्या गेल्या. जानेवारी १९९२ मध्ये नट, दिग्दर्शक, टेक्निशियन सगळे रस्त्यावर उतरले आणि हिंसेविरुद्ध मोर्चा काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट लीचा मॅनेजर गोळ्या घालून मारला गेला. नव्वदच्या दशकातल्या आपल्या बॉलिवूडची आठवण झाली तर ती बरोबर आहे.

चारच वर्षांनी 'यंग अँड डेंजरस' आला आणि त्यात हीच पोरं हिरो! लांब केस, लेदर जॅकेट, मागे गाणं. एकट्या १९९६ मध्ये त्याचे तीन भाग आले. शाळकरी पोरं तसेच केस वाढवायला लागली म्हणून शिक्षक आणि समाजसेवक भडकले, आणि मला वाटतं त्यांचं चुकलं नव्हतं. पिक्चर मजेदार आहे, कॅमेरा हातात घेऊन खऱ्या रस्त्यांवर पळतो, मधेच कॉमिकची पानं येतात कारण मूळ गोष्ट कॉमिकचीच, पण त्यात टोळी म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यासारखी दिसते आणि तेवढं ते खोटं आहे.

याच अँड्र्यू लाऊने पुढे ॲलन माकबरोबर २००२ मध्ये 'इन्फर्नल अफेअर्स' केला, टोळीत पोलिसांचा माणूस आणि पोलिसांत टोळीचा माणूस. (दिग्दर्शक अँड्र्यू लाऊ वेगळा, त्यात काम करणारा अँडी लाऊ वेगळा, यावर भांडू नका.) हॉलिवूडने त्यावरून 'द डिपार्टेड' केला आणि ऑस्कर नेलं. तुम्ही तो पाहिला असेल तरी हा बघा, कारण तिथला २५ आणि इथला २५ यात ३६ शपथांचा फरक आहे.

आणि नवीन काही हवं असेल तर २०२४ चा 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन', सोई चेंगचा. तो कौलून वॉल्ड सिटीत घडतो, आणि ही जागा खरी होती. १८९८ च्या करारात इंग्रजांनी आजूबाजूचा सगळा मुलूख ९९ वर्षांच्या भाड्याने घेतला पण हा चिनी किल्ला त्यातून वगळला, मग ना यांचा ना त्यांचा. शेवटी शेवटी जेमतेम साडेसहा एकरात, म्हणजे शिवाजी पार्कच्या पाव जागेत, तेहतीस हजार माणसं. बिल्डिंग बिल्डिंगला टेकलेल्या, खाली दिवसा पण लाईट लागायची, चीनमध्ये शिकलेले पण हाँगकाँगचं लायसन्स नसलेले दाताचे डॉक्टर, माशांचे गोळे करणारे कारखाने. उंची चौदा मजल्यांच्या आसपास थांबली कारण वरून काई ताक विमानतळाची विमानं अगदी जवळून जायची. १९९३-९४ मध्ये पाडलं, आता तिथे बाग आहे. पिक्चरमध्ये लुई कूचा सायक्लोन तिथे न्हाव्याचं दुकान चालवतो आणि तिथला दाय-लो पण तोच, दाढी करता करता एरिया सांभाळतो. मारामारी हवी असलेल्यांनी इथूनच सुरुवात करा, कुंग-फू पिक्चरचा जुना नट समो हुंग सत्तरी ओलांडून हाणतोय.

मग 'इलेक्शन' परत लावा. आणि चहाचा सीन पळवू नका. किटली कोणी उचलली, कप दोन्ही हातांनी पुढे केला की एका हाताने, आणि समोरच्याने तो घेतला की टेबलावरच राहू दिला, एवढंच बघा. चहा ओतणं म्हणजे माफी मागणं किंवा मोठा भाऊ मानणं, आणि कप तसाच राहिला तर मांडवली फिसकटली.